मिनिएचर मेडल जमवायचीत? मग आधी चिंच बाजूला ठेवा

माझं पहिलं मिनिएचर मला गंगेवर मिळालं, म्हणजे नाशिकच्या गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात. गंजकी कुलपं, अडकित्ते, बिनपंपाचे स्टोव्ह, असं सगळं गोणपाटावर पसरलेलं असतं ना, त्यात एका पिनेच्या पट्टीवर ओळीने टांगलेली तीन पदकं होती, प्रत्येक अंगठ्याच्या नखाएवढं. विकणारे काका म्हणाले, "बाहुलीचे बिल्लेयेत, दीडशे द्या." मी घासाघीस करून एकशेवीसला घेतली आणि घरी आल्या आल्या रिबन मळकी वाटली म्हणून कात्रीने कापून कचऱ्यात टाकली, पट्टी वाकडी होती ती पण टाकली, आणि पदकं चिंचेच्या कोळात बुडवून वर टूथपावडरने अशी घासली की समईसारखी चमकायला लागली. आई तर खूश, म्हणाली चांदीच आहे रे बहुतेक. दोन वर्षांनी एका जुन्या संग्राहकाला मोठ्या ऐटीत दाखवायला गेलो तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग विचारलं, "फीत कुठंय?"

तर हा लेख त्या "फीत कुठंय"साठी.

आधी हे नक्की असतं काय

लष्करातला किंवा सरकारातला माणूस रात्रीच्या औपचारिक जेवणाला जातो तेव्हा मोठी मेडल लावत नाही, त्याच मेडलची साधारण निम्म्या आकाराची प्रतिकृती लावतो, तेच मिनिएचर. आपल्या देवळालीला तोफखान्याच्या मेसमध्ये आजही मेस नाइटला ऑफिसर लोक मिनिएचरच लावतात, तेव्हा हा प्रकार काही मेलेला नाही. ब्रिटिशांचं नेहमीचं गोल मेडल ३६ मिलिमीटरचं आणि त्याची रिबन ३२ मिलिमीटर रुंद, मिनिएचर मेडल १८-१९ मिलिमीटर आणि रिबन १६च्या आसपास. हे माप पाठच करून टाका. पण व्हिक्टोरियाच्या काळातली मिनिएचर कधी याहून पण बारीक निघतात, कारण तेव्हा प्रत्येक जवाहिऱ्याचं आपलं आपलं माप असायचं, त्यामुळे १५ मिलिमीटरचं दिसलं म्हणून लगेच खोटं म्हणून फेकू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोठं मेडल सरकार द्यायचं आणि त्याच्या कडेवर बहुतेक वेळा शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण असं सगळं कोरलेलं असतं. मिनिएचर ज्याचं त्याने स्वतःच्या पैशाने जवाहिऱ्याकडून किंवा शिंप्याकडून करून घ्यायचं, त्यामुळे त्यावर नाव जवळपास कधीच नसतं. म्हणजे मोठ्या मेडलचा मालक कडेवर वाचता येतो, मिनिएचरचा मालक शोधायचा तर रिबन, पट्टी, पिन, डबी, डबीच्या आतला दुकानाचा छाप आणि कुठल्या मेडलशेजारी कुठलं मेडल टांगलंय तो क्रम, एवढाच पुरावा हातात असतो, आणि मी त्यातलंच नेमकं सगळं कचऱ्यात टाकलं होतं.

मेडल वेगळं, ऑर्डर वेगळी

नवीन माणूस दोन्हीला बिल्लाच म्हणतो. मेडल म्हणजे मोहिमेत होता, दरबाराला होता, इतकी वर्षं नोकरी केली, किंवा शौर्य गाजवलं त्याबद्दल. ऑर्डर म्हणजे सरदारांचं मंडळ असतं, त्यात माणसाची नेमणूक होते आणि बिल्ला ही त्या सभासदत्वाची खूण. इंग्लंडची गार्टर १३४८ची, बाथ १७२५ची, सेंट मायकल अँड सेंट जॉर्ज १८१८ची. आपल्याकडे जास्त बघायला मिळतात त्या दोन: स्टार ऑफ इंडिया, सुरू १८६१, आणि इंडियन एम्पायर, सुरू १८७८. संस्थानिक, दिवाण, मोठे आयसीएस अधिकारी यांना या मिळायच्या, जुन्या पाट्यांवर नावापुढे सीआयई (इंडियन एम्पायरचा कम्पॅनियन), केसीएसआय (स्टार ऑफ इंडियाचा नाइट कमांडर) लिहिलेलं असतं ते हेच. १९४८ नंतर दोन्हींत नवीन नेमणुका बंद झाल्या.

स्टार ऑफ इंडिया फिकट निळ्या रिबनवर असते, कडा पांढऱ्या, मधे राणीचा मुखवटा गोमेदात कोरलेला, भोवती "हेवन्स लाइट अवर गाइड" असं ब्रीद. आणि इथे मिनिएचरवाल्यांची चांदी आहे: स्टार ऑफ इंडियाचा मूळ मोठा बिल्ला माणूस वारला की वारसांना परत द्यावा लागायचा, पण मिनिएचर स्वतःच्या खिशातून केलेलं असल्याने ते घरातच राहायचं. म्हणून ज्याचं मोठं रूप आपल्यासारख्याच्या हाताला कधी लागणार नाही त्याचं छोटं रूप कधीतरी लागू शकतं. स्वस्तात नाही अर्थात.

इंडियन एम्पायरचा बिल्ला लाल मिन्याच्या, म्हणजे धातूवर भाजून चढवलेल्या रंगीत काचेच्या, गुलाबाचा, रिबन जांभळट गडद निळी. १८७८ला सुरू झाली तेव्हा एकच वर्ग होता, कम्पॅनियन, आणि गुलाबाच्या पाच पाकळ्यांवर एकेक करून इंडिया या इंग्रजी शब्दाची पाच अक्षरं असायची. १८८७ला वर्ग वाढवून तीन केले आणि पुढच्या बिल्ल्यांवरून ती अक्षरं गेली. तेव्हा पाकळ्यांवर अक्षरं दिसली तर श्वास रोखा, चेहऱ्यावर काही दाखवू नका आणि आधी शेजारच्या अडकित्त्याची किंमत विचारा.

पहिले तीन महिने फक्त बघा

हे कुणाला आवडत नाही पण सांगतोच. काही विकत घेऊ नका. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सराफ वापरतात तसलं, आणि जुनी नाणी, दागिने, जे सापडेल ते त्याखाली बघत बसा. आपल्या नाशिकला यासाठी अंजनेरीला न्यूमिस्मॅटिक स्टडीजची इन्स्टिट्यूट आहे, १९८०पासून, त्र्यंबक रोडवर, तिथलं नाण्यांचं म्युझियम निवांत बघा. तुम्ही म्हणाल मेडलचा नाण्याशी काय संबंध, तर ठशाखाली दाबून काढलेली वस्तू आणि साच्यात ओतलेली वस्तू यातला फरक डोळ्याला एकदा नाण्यांवर कळला की मेडलवर आपोआप कळतो. दाबलेल्यात राजाच्या दाढीचा केस न केस वेगळा दिसतो, मधली सपाट जागा काचेसारखी असते. ओतलेल्यात सगळं साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत, बारीक पुटकुळ्या, आणि कडेला कधीकधी दोन साचे जुळल्याची रेघ, नाहीतर ती रेघ कानशीने घासल्याच्या खुणा.

याच काळात राजे ओळखायला शिका. व्हिक्टोरिया १९०१पर्यंत, सातवा एडवर्ड १९१०पर्यंत, पाचवा जॉर्ज १९३६पर्यंत, मग सहावा जॉर्ज १९५२पर्यंत. सहाव्या जॉर्जच्या मेडलवर कडेच्या अक्षरांत "इंड इम्प" म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट असं असेल तर ते आधीचं, स्वातंत्र्यानंतर ती पदवी गेली आणि नवीन मेडलवरून ती अक्षरंही गेली. माझ्या मते राजाचा चेहरा वाचण्यापेक्षा ही अक्षरं वाचणं जास्त सोपं आहे, कारण घासलेल्या मेडलवर सगळे जॉर्ज सारखेच दिसतात.

कुठून सुरुवात करायची

एकदम ऑर्डरवर उडी मारू नका. पहिल्या महायुद्धाच्या तिघांपासून सुरू करा: १९१४-१५ स्टार ही तांबूस चांदणी, रिबन लाल-पांढरी-निळी एकमेकीत विरघळलेली; ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं, रिबन मधे केशरी आणि बाजूला पांढरा, काळा, निळा; आणि व्हिक्टरी मेडल सोनेरी ब्राँझ, रिबनवर इंद्रधनुष्य दोनदा. इंग्रज सोल्जर या तिघांना त्या काळच्या कार्टूनमधल्या नावांवरून पिप, स्क्वीक आणि विल्फ्रेड म्हणायचे. ही खूप लोकांना मिळाली त्यामुळे मिनिएचर पण खूप बनली, आणि चुकलात तरी चूक स्वस्तात पडते.

त्यानंतर आपल्या जवळचं काही घ्यावं असं मला वाटतं. इंडिया जनरल सर्व्हिस मेडल १९०८चं, हिरवी रिबन मधे गडद निळा पट्टा, सरहद्दीवरच्या मोहिमांचं. १९११च्या दिल्ली दरबाराचं, गडद निळ्यावर दोन बारीक लाल रेघा. दुसऱ्या महायुद्धाच्या चांदण्यांत बर्मा स्टार आणि इटली स्टार. इटली म्हटलं की आपल्या मराठा पलटणीचे दोन व्हिक्टोरिया क्रॉस आठवावेतच, १९४४ला यशवंत घाडगे आणि १९४५ला नामदेव जाधव, दोघंही तिथल्याच लढायांतले. इटली स्टारच्या रिबनमधे इटलीच्याच झेंड्याचे रंग आहेत, लाल-पांढरा-हिरवा, हे कळल्यावर माझ्या पुतण्याने पहिल्यांदा माझ्या संग्रहाकडे मान वर करून बघितलं.

आणि कैसर-ए-हिंद. १९००ला सुरू झालं, लांबट गोल आकार, निळसर हिरवी रिबन, सार्वजनिक कामाबद्दल, म्हणजे दुष्काळ-प्लेगात काम केलेले डॉक्टर, मिशनरी वगैरे. गांधीजींना १९१५ला सोन्याचं मिळालं होतं आणि १९२०ला असहकाराच्या वेळी त्यांनी ते परत केलं. इथे जरा आडवळण. मला लोक विचारतात की ज्या नाशकात १९०९ला कान्हेऱ्यांनी कलेक्टरवर गोळ्या झाडल्या, सावरकरांचं भगूर जिथून हाकेच्या अंतरावर आहे, तिथे बसून तू राणीचे बिल्ले जमवतोस? जमवतो. कारण ते बिल्ले छातीवर लावणारे पण इथलेच होते आणि परत करणारे पण इथलेच. फक्त मी ते कधी लावत नाही, तुम्हीही लावू नका, दुसऱ्याच्या कमाईचं मेडल हौस म्हणून छातीवर लावून सेल्फी काढणं मला तरी पटत नाही.

हातात आल्यावर तपासायचं कसं

रिबनपासून सुरू करा. नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी मिळते, आपल्या नाशकात तर नोटा छापतात, तिथे ती असायलाच पाहिजे, ती अंधारात रिबनवर मारा. जुना रेशमी किंवा सुती धागा निपचित पडून राहतो, अलीकडचा पॉलिस्टरचा किंवा चमक घातलेला पांढरा धागा लखकन निळा पेटतो. पण यात एक मेख आहे, कुणी जुनी रिबन डिटर्जंटमध्ये धुतली असेल तर ती पण पेटते, तेव्हा पेटली म्हणजे वस्तू खोटी असं नाही, पेटली म्हणजे पुढे जास्त बारकाईने बघायचं एवढंच. आणि मेडल जुनं पण रिबन नवीन हे तर फार कॉमन आहे, ते चालतं, फक्त किंमत त्या हिशोबाने द्यायची.

मग क्रम. समोरून बघताना डावीकडचं मेडल सगळ्यात मोठ्या मानाचं. आधी व्हिक्टोरिया क्रॉस असेल तर तो, मग ऑर्डर, मग शौर्याची, मग मोहिमांची तारखेप्रमाणे, मग राज्यारोहण आणि दरबाराची, मग दीर्घ सेवेची, परदेशी सगळ्यात शेवटी. एखाद्या पट्टीवर व्हिक्टरी मेडल आधी आणि स्टार नंतर दिसला तर समजा बाजारात कुणीतरी सुटी मेडल ओवून माळ केलीय. खऱ्या ऑफिसरच्या मेसमध्ये असा क्रम लावून गेला असता तर बाकीच्यांनी त्याला जेवू दिलं नसतं.

मागची बाजू तर नक्की बघाच. पुढून नवी रिबन लावता येते पण मागची शिवण, पट्टीचं गंजणं, पिनेचा आकार, कापडावर धातूने वर्षानुवर्षं टेकून पाडलेला डाग, हे सगळं एका दमात खोटं करणं अवघड. डाग मेडलच्या आकाराशी जुळतोय का तेही बघा.

आता धातू. सराफाकडे नेलं तर तो सवयीने कसोटीवर घासून टंच काढायला जातो, त्याला हात जोडून सांगा की नको. सराफ बाजारात माझ्या डोळ्यांसमोर एका भल्या माणसाने मदत म्हणून दरबार मेडलच्या कडेला अशी एक रेघ ओढली की ती आजही मला दिसते. त्याऐवजी घरी वजन करा. शून्य पॉइंट शून्य एक ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, रिबन निघण्यासारखी असेल तरच काढा, आणि सुटं मेडल आधी कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि मेडल दोऱ्याने पाण्यात बुडवून लटकवा, तळाला-कडेला टेकू देऊ नका. आता काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागायचं. समजा कोरडं ६.२० ग्रॅम आणि पाण्यातला आकडा ०.६०, तर उत्तर १०.३३. स्टर्लिंग चांदी साधारण १०.३ ते १०.४ देते, तांबं-निकेलचं मिश्रण ८.९च्या आसपास. लटकताना हवेचा बुडबुडा चिकटला तर आकडा चुकतो, दोन-तीनदा करा. मिना असलेल्या ऑर्डरला हे लागू नाही, काच हलकी असते, सगळं गणित बिघडतं, आणि जुना तडकलेला मिना पाण्यात बुडवायचाच नाही.

मिन्याबद्दल वेगळं सांगायला पाहिजे कारण ऑर्डरमधे अर्धी किंमत मिन्याची. भट्टीत पक्का केलेला मिना म्हणजे काचच, भिंगाखाली खोल आणि चकचकीत दिसतो, तुटला तर टवका उडतो. टवका उडालेल्या जागी हल्ली रंगीत रेझिन भरतात, ते तिरक्या उजेडात धरलं की शेजारच्या काचेपेक्षा मंद दिसतं, आत बुडबुडे दिसतात, रंग किंचित तेलकट वाटतो. दुरुस्ती केलेली वस्तू घेऊ नये असं मी म्हणत नाही, मी स्वतः दोन घेतल्यात, पण दुरुस्तीची म्हणून घ्या.

हॉलमार्क नसला म्हणून घाबरू नका. इंग्लंडमधे पण मिनिएचर बऱ्याचदा छापाशिवाय जायची. असला तर मजा, चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, आणि शेजारचं अक्षर वर्ष सांगतं.

मालक सापडतो का

कधीकधी, आणि तोच या नादातला खरा कैफ. तीन साधी मेडल हजारो लोकांकडे होती, पण पट्टीवर सीआयई, मग एक लष्करी क्रॉस, मग सरहद्दीचं मेडल, मग दरबार, आणि शेवटी एखादं परदेशी असं जुळलं की ती जुळणी असलेली माणसं मोजकीच उरतात. लंडन गॅझेटचे जुने अंक नेटवर फुकट शोधता येतात, नेमणुका त्यात छापून यायच्या. मी देवळालीच्या एका जुन्या बंगल्यातून आलेल्या पाच मेडलांच्या पट्टीवर पावसाळाभर बसलो होतो, तिघांपर्यंत आलो आणि तिथेच अडकलोय. देवळाली कॅम्प म्हणजे गोऱ्या सोल्जरांचा थांबा, मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे पडून राहायचे, कंटाळून डोकं फिरायचं, म्हणून तर इंग्रजीत वेड लागण्याला "डूलाली" म्हणायला लागले. त्या तिघांतला माझा कोण हे शोधताना मलाही डूलाली व्हायची वेळ आलीय.

म्हणून सांगतो, एकत्र आलेली पट्टी कधीही सोडवू नका. विकणारा म्हणेल यातलं एकच घ्या, बाकी दुसऱ्याला देतो. तेव्हा उसने पैसे काढा पण सगळी घ्या, नाहीतर एकही घेऊ नका.

ठेवायचं कसं

पॉलिश नाही, चिंच नाही, लिंबू नाही, पितांबरी नाही. काळसर झाक ही त्या वस्तूची कातडी आहे. धूळ असेल तर मऊ ब्रशने झटका, बस. दिवाळीत घरच्यांनी चांदीची भांडी काढली की मी माझा डबा कपाटाला कुलूप लावून ठेवतो, गंमत नाही.

नरम प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातलं तेल सुटून धातूवर हिरवा चिकट थर येतो. रबर बँड चांदीला काळा करतो, वर्तमानपत्र पण नाही, लोकरीचं कापड पण नाही. आम्लविरहित कागद आणि घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या पुड्या पावसाळ्यात बदलत राहा, कारण जुलै-ऑगस्टमधे नाशकात पापडसुद्धा मऊ पडतो तर रेशीम काय टिकणार. रिबन उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली फ्रेम करून लावली तर वर्षा-दोन वर्षांत रंग उडतो, मग तो जांभळट निळा होता की राखाडी ते तुम्हालाही सांगता येत नाही.

एक वही करा. कुठे, कधी, कितीला, विकणारा काय म्हणाला, कुठल्या भागातून आलं. विकणाऱ्याची थाप असली तरी लिहा, दहा वर्षांनी थापेतूनही धागा निघतो.

कायदा आणि घरची मेडल

१९७२चा पुरावस्तू कायदा आहे, त्यात शंभर वर्षांवरची वस्तू ही पुरावस्तू. ती आपल्यासारख्या खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि असल्या वस्तूंच्या विक्रीचा धंदा करायचा तर लायसन्स लागतं. बाहेरून कुणी चांगला भाव देतो म्हणून कुरिअर करायच्या भानगडीत पडू नका. पहिल्या महायुद्धाची मेडलसुद्धा आता एकेक करून शंभरीत गेलीत हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बाहेरून मागवताना कस्टम आणि पोस्टेज मेडलपेक्षा जास्त भरू शकतं, आधी विचारून घ्या.

आणि एक, हे माझं वैयक्तिक. गावाकडे अजून काही घरांत पणजोबांचं मेडल देव्हाऱ्यात असतं, नाव कोरलेलं मोठं मेडल. अडचणीत आलेलं घर ते मोडीच्या भावात सराफाला देतं आणि त्याचे पैंजण होतात, असं किती गेलं असेल देव जाणे. असं कुणी तुमच्याकडे घेऊन आलं तर आधी कडेवरचं नाव त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, बऱ्याचदा त्यांनी ते इंग्रजीत म्हणून कधी वाचलेलंच नसतं. माझ्याकडे एकदा दिंडोरीकडच्या एक आजी आल्या होत्या, नाव वाचल्यावर पदर लावून डोळे पुसले, मेडल परत कनवटीला बांधलं आणि चहा पण न घेता गेल्या. मिनिएचरला हा प्रश्न फारसा येत नाही, साध्या शिपायाला मेस ड्रेसच नव्हता त्यामुळे मिनिएचर बहुतेक ऑफिसरांचीच.

बाकी बाजाराचं म्हणाल तर घाटावर बुधवारी सकाळी लवकर जा, भांडीवाले मांडणी लावत असतात तेव्हाच जुन्या वस्तूंची गाठोडी सुटतात. भिंग खिशात, सुटे पैसे वेगळ्या खिशात, आणि पावसाची चिन्हं असतील तर एक कोरडा रुमाल, रिबन गुंडाळायला.